आराखडा, नकाशा आणि गट नंबर

शहराचा विकास आराखडा किंवा जिल्ह्याची प्रादेशिक योजना म्हणजे रंगवलेला नकाशा, त्यासोबतची नियमावली आणि अहवाल. कोणत्या जमिनीवर घरे बांधता येतील, कोणती शेतीखालीच राहील, शाळा, बाग आणि कचरा डेपो कुठे येईल, रस्ता किती रुंद होईल आणि कोणाच्या आवारातून जाईल, हे सगळे त्यावर ठरते. महाराष्ट्रात हे काम १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली चालते, गोव्यात १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली. मंजूर झालेला विकास आराखडा महाराष्ट्रात साधारण वीस वर्षे अंमलात राहतो. तेवढ्या काळात एक पिढी घर बांधते, जमिनीची वाटणी करते, मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकते. त्या तुकड्यावर रहिवासाचा पिवळा रंग आहे की शेतीचा हिरवा, यावर त्याचा भाव ठरतो आणि कधी कधी घराचे भवितव्यही.

असा आराखडा कोऱ्या कागदावर काढला जात नाही. त्याच्याखाली आधीचे अनेक नकाशे असतात. जमिनींच्या हद्दी दाखवणारा महसुली नकाशा असतो. आज कुठे काय आहे हे सांगणारा विद्यमान जमीन वापराचा नकाशा असतो. शिवाय उंचसखलपणा दाखवणाऱ्या समोच्च रेषा, नदीच्या पूररेषा, किनाऱ्यावरची भरतीरेषा, वनखात्याच्या हद्दी, वारसा वास्तू, जलवाहिन्या आणि उच्चदाबाच्या तारा यांचे नकाशे. यातला एखादा चुकला, तर वरच्या आराखड्यातही ती चूक उतरते. म्हणून केवळ अंतिम आराखडा प्रसिद्ध करून भागत नाही, तो ज्या नकाशांवर बेतला तेही लोकांच्या हाती यावे लागतात. हाती येणे म्हणजे कार्यालयाच्या भिंतीवर दिसणे एवढेच धरले, तर फार थोडे साधते. स्वतःचा गट नंबर त्यावर शोधता आला, हद्द ताडून पाहता आली आणि चूक नेमकी कुठे आहे ते लिहून देता आले, तरच तो नकाशा खऱ्या अर्थाने खुला म्हणता येतो.

गावोगावच्या महसुली नकाशांचा उगम सारावसुलीत आहे. मुंबई इलाख्यात प्रिंगल यांची पहिली मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली, आणि तीच पद्धत पुढे इलाखाभर पसरली. मोजणीचे साधन होते तेहेतीस फुटी साखळी. तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फुटांचा. चाळीस गुंठ्यांचा एकर. अनेक गाव नकाशांचे प्रमाणही याच साखळीतून आले. नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरच्या दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट, म्हणजे ३,९६० इंच. आजच्या संगणकीय नकाशांतही एकास ३,९६० असे विचित्र वाटणारे प्रमाण अनेकदा भेटते, ते या लोखंडी साखळीमुळे.

हेतू साऱ्याचा असल्यामुळे या नकाशांत काही गोष्टी अतिशय बारकाईने आल्या आणि काही सुटल्याच. शेताचा बांध, विहीर, ओढा, गाडीवाट हे सगळे आले. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून त्याची फक्त बाहेरची हद्द आली आणि आतली घरे, बोळ, परसू, पार कोरे राहिले. देशातल्या असंख्य गावांची वस्ती त्यामुळे दीड शतकाहून जास्त काळ कागदावर एका रिकाम्या ठिपक्यासारखी होती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि त्यानंतर एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारची स्वामित्व योजना आली, तेव्हा कुठे ही पोकळी भरायला सुरुवात झाली. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांची गत याहून वाईट. मासे सुकवण्याचे खळे, होड्या ओढून ठेवण्याची जागा, जाळी विणण्याचे अंगण यांना सातबारा नसतो. महसुली नकाशावर ती मोकळी जागा दिसते, आणि नियोजनकाराच्या डोळ्यांना मोकळी जागा म्हणजे काहीतरी बसवण्याची जागा. मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या हद्दी नकाशावर आणण्यासाठी तिथल्या रहिवाशांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे.

कागदपत्रांचाही गुंता आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली राज्यातल्या बऱ्याच गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. काही गावांत सर्व्हे नंबरच राहिले. शहरात नगर भूमापन झाल्यावर सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका आली. एकाच जमिनीला अशी दोन-तीन नावे असतात. आराखड्यावर जुना नंबर आणि सातबाऱ्यावर नवा, असे झाले की शेतकऱ्याला आपल्या शेतावर सार्वजनिक सोयीसाठी आरक्षण पडले आहे हे नकाशा समोर असूनही कळत नाही. मूळ टिपण, गटबुक, फाळणी नकाशा हे अभिलेख भूमी अभिलेख खात्यात जपलेले असतात. जुना कागद दमटपणाने आणि वापराने आकसतो, ताणला जातो. दोन शेजारच्या गावांचे नकाशे शिवेवर एकमेकांना जुळत नाहीत. असा नकाशा स्कॅन करून उपग्रह चित्रावर ठेवला की बांध काही मीटर इकडे-तिकडे सरकलेले दिसतात. आता गट नंबर टाकून गाव नकाशा ऑनलाइन पाहता येतो, आजूबाजूच्या गटांसह. ही मोठी सोय आहे. तरी हद्दीच्या वादात शेवटचा आधार भूकरमापकाने जागेवर केलेली मोजणीच राहते.

नकाशाच्या प्रमाणाला नियोजनात किती महत्त्व आहे, हे एका रेघेवरून कळते. नकाशावरची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड धरू. एकास ४,००० या प्रमाणात ती रेघ जमिनीवर दोन मीटर व्यापते. एकास १०,००० ला पाच मीटर, म्हणजे सोळा फूट. एकास २५,००० ला साडेबारा मीटर, म्हणजे एका गुंठ्याच्या बाजूपेक्षाही जास्त. एकास ५०,००० ला पंचवीस मीटर. ज्याची सगळी जमीनच अर्धा गुंठा आहे तो माणूस अशा नकाशावर रेघेच्या अलीकडे नाही की पलीकडे नाही; तो रेघेच्या जाडीत हरवलेला असतो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने म्हणूनच एकास २५,००० च्या नकाशांसोबत स्थानिक वापरासाठी एकास ४,००० च्या आसपासचे, गावाच्या महसुली नकाशावर आधारलेले नकाशे असावेत असे सांगितले. पहिल्या प्रकारच्या नकाशावरून सरकारला धोरण कळते. घराची परवानगी मात्र दुसऱ्यावर ठरते, आणि लोकांना हवा असतो तोही दुसराच.

एवढे नकाशे असूनही ते दीर्घकाळ लोकांपर्यंत का पोचले नाहीत, याला इतिहास आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ चा. लष्करी मोहिमा आणि राज्यकारभार ही त्याची पहिली कामे. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात नकाशे, आराखडे आणि रेखाचित्रे यांचा उल्लेख आहेच. स्वातंत्र्यानंतरही सीमाभाग आणि किनाऱ्याचे सविस्तर नकाशे निर्बंधाखाली राहिले; संशोधकांनाही परवानगीसाठी पत्रव्यवहार करावा लागे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने खुल्या मालिकेचे सुमारे तीन हजार नकाशे आधार क्रमांक देऊन मोफत उतरवून घेण्याची सोय केली. दरम्यान २०१६ मध्ये अगदी उलट दिशेचा, एका विधेयकाचा मसुदा आला होता. परवानगीशिवाय भूस्थानिक माहिती गोळा करणाऱ्याला शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सुचवला होता. जोरदार विरोधानंतर तो मसुदा मागे पडला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चित्र पालटले. भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे काढायला, वापरायला, प्रसिद्ध करायला पूर्वपरवानगीची गरज उरली नाही, आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेली भूस्थानिक माहिती, सुरक्षेच्या कारणाने गोपनीय ठरवलेली सोडून, सर्व भारतीयांना सहज मिळावी असे तत्त्व मान्य झाले. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने त्याला दुजोरा दिला.

दिल्लीतले तत्त्व नगरपालिकेच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो. एकास ५०,००० चा नकाशा मोफत मिळाला तरी त्यावर वाडीतला ओढा जेमतेम दिसतो. स्थानिक नियोजनाला लागणारे बारीक नकाशे भूमी अभिलेख, नगररचना, जलसंपदा, वनखाते आणि नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांच्याकडे विखुरलेले आहेत. एका खात्याचा नकाशा दुसऱ्या खात्याकडे असतोच असे नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की महत्त्वाची धोरणे आखताना सार्वजनिक प्राधिकरणाने संबंधित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी. प्रत्यक्षात पूररेषेची एक प्रत मिळवायला अर्ज, अपील, दुसरे अपील एवढा प्रवास होतो आणि तोवर हरकतींची मुदत उलटून गेलेली असते.

त्या मुदतीपाशीच सगळे येऊन थांबते. महाराष्ट्रात आराखड्याची प्रक्रिया इरादा जाहीर करण्यापासून सुरू होते. मग जागेवर फिरून विद्यमान जमीन वापर नकाशा तयार करायचा, त्यावरून प्रारूप आराखडा करून तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना देऊन प्रसिद्ध करायचा, हरकती व सूचना मागवायच्या, नियोजन समितीपुढे सुनावणी घ्यायची आणि अखेर शासनाकडे मंजुरीला पाठवायचे. आराखडा तयार व्हायला वर्षे लागतात. तो वाचून हरकत घ्यायला नागरिकाला महिना-दोन महिने मिळतात. त्या काळात त्याने सूचना वाचायची, आपल्या भागाचा नकाशा शोधायचा, रंगांचा अर्थ लावायचा, सातबारा आणि मोजणी नकाशा काढायचा, शेजाऱ्यांना गोळा करायचे आणि लेखी हरकत द्यायची. नकाशा हाताळता येईल अशा रूपात नसेल तर यातले पहिले तीन आठवडे केवळ नकाशा समजण्यातच जातात.

मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा या बाबतीत बरेच काही शिकवतो. महापालिकेने विद्यमान जमीन वापराचा नकाशा प्रारूप आराखड्याच्या आधीच लोकांपुढे ठेवला, ही चांगली गोष्ट होती. प्रभागाप्रभागांतल्या नागरिक गटांनी तो घेऊन गल्लीबोळ पालथे घातले आणि चुकांच्या याद्या केल्या. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आला तेव्हा अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून आणि प्रार्थनास्थळांवरून रस्ते गेलेले दिसले, वारसा वास्तू गळालेल्या दिसल्या. लोकांनी त्या चुका ओळखू शकण्याचे कारण साधे होते: आपल्या गल्लीत काय आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि नकाशा पुरेसा मोठ्या प्रमाणात त्यांच्या हाती होता. हजारो हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो प्रारूप दुरुस्त करून नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये. तीन वर्षे गेली, असे म्हणून या प्रकाराकडे वाया गेलेला वेळ म्हणून पाहणारे आहेत. पण चुकलेला रस्ता वीस वर्षे कायद्याचे बळ घेऊन कोणाच्या घरावर बसला असता, त्याची भरपाई कोणत्या हिशेबात धरायची, याचे उत्तर ते देत नाहीत.

पुण्यात जुन्या हद्दीच्या आराखड्याचा प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. शेवटी २०१५ मध्ये शासनाने तो महापालिकेच्या हातून काढून घेतला. पुणे महानगर प्रदेशाचा, आठशेहून जास्त गावांचा, प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला आणि हजारो हरकतींनंतर, न्यायालयीन वादानंतर २०२५ मध्ये रद्द झाला. हरकतींचा हा ढीग लोकांच्या आडमुठेपणाचे लक्षण मानण्याची प्रशासनात सवय आहे. त्यातल्या पुष्कळशा हरकती मात्र पायाभूत नकाशा आधीच दाखवला असता तर उद्भवल्याच नसत्या अशा असतात: इथे ओढा नाही, रस्ता आहे, हा भूखंड मोकळा नाही, इथे तीस वर्षांची सोसायटी आहे, या टेकडीचा उतार चुकीचा मोजला आहे.

उताराचा मुद्दा पुण्यात फार तापलेला आहे. एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधकाम करता येत नाही, म्हणजे पाच मीटर चालून गेल्यावर एक मीटरहून जास्त चढ असेल तर ती जमीन डोंगरउतार ठरते. १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. एखादा तुकडा त्यात आहे की बाहेर, हे समोच्च रेषा किती जवळजवळ काढल्या आहेत यावर बरेच अवलंबून असते. वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या रेषांमध्ये छोटा कडा लपून जातो, एक मीटरच्या रेषांमध्ये दिसतो. टेकडी तोडली जात असेल तर तोडण्याआधीचा उतार कोणता, हे जुन्या नकाशावरूनच सिद्ध होते. तो जुना नकाशा नागरिकांच्या हाती नसला तर टेकडी वाचवणाऱ्यांकडे केवळ आठवण आणि छायाचित्रे उरतात.

पूररेषांचेही असेच. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो: सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीत या रेषा प्रत्येक घराशी निगडित आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात नव्या पूररेषा आल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांच्या आत आला आणि रहिवासी हवालदिल झाले. रेषा नकोच, असे काहींचे म्हणणे होते. पण ती कशावरून आखली, कोणत्या वर्षांचा पाऊस आणि धरणाचा विसर्ग धरला, कोणत्या पुलापाशी पाणी किती चढले असे मानले, ते दाखवा, ही मागणी अगदी वाजवी होती. रेषेमागचे आकडे खुले केले तर घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण जपून ठेवणारा माणूसही त्या गणिताला मदत करू शकतो.

पश्चिम घाटाच्या प्रकरणात गोपनीयतेची किंमत सर्वांत मोठी ठरली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल केंद्राला दिला. घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाय नऊ किलोमीटरचे चौरस पाडून त्यांची पर्यावरणीय संवेदनशीलता ठरवली होती, आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून पक्क्या कराव्यात असे म्हटले होते. मंत्रालयाने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि मे २०१२ मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय एवढे झाल्यावर तो लोकांना मिळाला. तोपर्यंत अफवांनी गावे व्यापली होती. पुढे केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने संपूर्ण गाव हे एकक धरले आणि उपग्रह चित्रांवरून संवेदनशील गावांच्या याद्या केल्या. महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र प्रारूप अधिसूचनांमध्ये आले. त्यांचे एकामागून एक मसुदे निघाले, सहावा जुलै २०२४ मध्ये. गावकऱ्याला आजही यादीत गावाचे नाव सापडते, पण गावातले कोणते जंगल, कोणता सडा, कोणती देवराई यामुळे गाव यादीत आले हे त्या यादीवरून कळत नाही. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी आपणहून संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मागितला होता. जिथे माहिती पोचली तिथे लोक विरोधातच उभे राहतात हा समज त्या ठरावांपुढे टिकत नाही.

गोव्याने या विषयात सर्वांत पुढचे पाऊल टाकले होते. २०११ पर्यंतची प्रादेशिक योजना २००६ मध्ये अधिसूचित झाली तेव्हा टेकड्या, शेते, खाजने (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनी) मोठ्या प्रमाणावर वसाहतीच्या रंगात गेलेली लोकांना दिसली. गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने योजना मागे घेतली. त्यानंतर २०२१ च्या योजनेसाठी कृतिदल नेमले गेले. त्यात चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुरचनाकार होते. या वेळी गावपातळीवरचे नकाशे तयार करून पंचायतींकडे पाठवले गेले. लोकांनी आपापले झरे, तळी, पारंपरिक वाटा, देवराया, भातशेते त्यावर दाखवून दिली. कुठे ग्रामसभेत खडाजंगी झाली, कुठे नकाशा पंचायतीच्या कपाटातच राहिला. पर्यावरणदृष्ट्या जपायच्या जमिनी त्या नकाशांवर वेगळ्या दाखवल्या होत्या. २०११ मध्ये योजना अधिसूचित झाली, २०१२ मध्ये नव्या सरकारने ती स्थगित ठेवली आणि नंतर ती पुन्हा वापरात आली. किनाऱ्याच्या नकाशांच्या २०२१ मधल्या जनसुनावणीतही खाजनांचे बांध, मानशी (पाणी सोडण्या-अडवण्याची दारे), मच्छीमारांच्या जागा नकाशावर नाहीत, हीच तक्रार गावांनी मांडली. दोन्ही वेळा गावाकडे असलेली माहिती सरकारी नकाशापेक्षा बारीक होती.

आता नकाशा कोणत्या रूपात द्यावा हा प्रश्न. आज बहुतेक पालिका आराखड्याचे भाग नकाशे पीडीएफच्या रूपात संकेतस्थळावर टाकतात. ते मोठे करून पाहिले की अक्षरे फुटतात, रंग एकमेकांत मिसळतात, सूची वेगळ्या पानावर असते. संगणकीय प्रणालीत हा आराखडा थरांच्या रूपात तयार झालेला असतो. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक, क्षेत्रफळ आणि गट नंबर जोडलेला असतो. तो थर आहे तसा दिला तर कोणीही तो गाव नकाशावर आणि उपग्रह चित्रावर ठेवून ताडू शकेल, सर्व बागांचे एकूण क्षेत्र किती होते ते मोजू शकेल. पीडीएफ देणे म्हणजे तयार असलेली माहिती मुद्दाम बोथट करून देणे होय. नकाशासोबत आणखी काही गोष्टी लागतात: तो कोणत्या तारखेचा, कोणत्या पायाभूत नकाशावर काढलेला, प्रमाण किती, कुठे अंदाज आहे. अहवाल आणि सूची मराठीत असणेही तितकेच गरजेचे आहे, कारण हरकत घेणारा शेतकरी कार्यालयात वकील घेऊन येत नाही.

खुलेपणाला योग्य मर्यादा आहेत. दुर्मीळ वनस्पती किंवा खवल्या मांजराच्या बिळाचे नेमके ठिकाण प्रसिद्ध केले तर तस्करांचे काम सोपे होते, म्हणून गावाच्या जैवविविधता नोंदवहीतली अशी स्थाने झाकलेलीच बरी. ड्रोनच्या चित्रांत घराचे अंगण, गच्ची दिसते, तिथेही काळजी हवी. मात्र सुरक्षेचे आणि खाजगीपणाचे कारण बहुधा ज्या नकाशांसाठी पुढे केले जाते, त्या पूररेषा, आरक्षणे आणि नियोजित रस्ते यांना ते लागूच पडत नाही. तिथल्या गुप्ततेचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. रस्ता कुठून जाणार हे ज्याला सहा महिने आधी कळते तो जमीन घेऊन ठेवतो. ज्याला कळत नाही तो ती विकून बसतो.

मंजुरीनंतर नकाशा बदलत राहतो, आणि इथे लोकांचे लक्ष सर्वांत कमी असते. महाराष्ट्रात कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतात. त्याची सूचना राजपत्रात येते, हरकतीला महिनाभराची मुदत असते, पण संकेतस्थळावरचा मूळ नकाशा पुष्कळदा तसाच जुना राहतो. आरक्षण व्यपगत झाले, रस्त्याची रुंदी बदलली, शेतीचा पट्टा रहिवासात आला, हे ज्या-त्या अधिसूचनेत शोधावे लागते. गोव्यात २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७(२) खाली प्रादेशिक योजनेतल्या चुका सुधारण्याच्या नावाने एकेका भूखंडाचा झोन बदलला जाऊ लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या. सर्व फेरबदल घातलेला, तारखेसह अद्ययावत केलेला एकच नकाशा लोकांना मिळत नाही तोवर जमीन घेणाऱ्याला, घर बांधणाऱ्याला झोन दाखल्यावरच भिस्त ठेवावी लागते. सातबारा आणि मोजणी नकाशा जोडून, शुल्क भरून तो नियोजन प्राधिकरणाकडून मिळतो. तो घेताना त्यात गट नंबर, झोन आणि बाधित क्षेत्र यांच्याबरोबर दाखला कोणत्या तारखेच्या आराखड्यावरून दिला आहे आणि त्यानंतरचे फेरबदल त्यात धरले आहेत का, हेही लेखी मागून घ्यावे लागते.